जुन्या साइट डायऱ्या आणि नवा बार चार्ट

नव्या इमारतीचा बार चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी आणि किती दिवस चालेल याचा तक्ता, माझ्याकडे आला, तेव्हा त्यातले दिवस अंदाजपंचे धरायचे नाहीत हे मी ठरवून टाकलं. आमच्या पुण्यातल्याच मागच्या साइटच्या डायऱ्या ऑफिसच्या माळ्यावर पडून होत्या. त्या खाली काढल्या.

डायरी लिहिली जाते तारखेनुसार. मला हवं होतं ते कामानुसार: सेंट्रिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) काय अडलं, लोखंड बांधताना काय, वॉटरप्रूफिंगला काय. म्हणून एक्सेलमध्ये साधा तक्ता केला. कामाचा टप्पा, ठरलेले दिवस, लागलेले दिवस, अडण्याचं कारण आणि ते कुणाच्या हातात होतं.

खरा वेळ खाल्ला तो कारणाच्या रकान्याने. डायरीत जिथे तिथे ‘पावसामुळे काम बंद’. पण हजेरीपट आणि आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची, चलनं शेजारी ठेवली की वेगळंच दिसे. एका स्लॅबच्या वेळी पाऊस सकाळीच उघडला होता, सेंट्रिंगवाले हजर, लोखंड बांधून तयार. काँक्रीट मात्र तीन दिवसांनी आलं, कारण टॉयलेटच्या स्लीव्ह (पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडायच्या नळ्या) कुठे ठेवायच्या याचं ड्रॉइंगच साइटवर पोचलं नव्हतं. अशा नोंदी वेगळ्या काढत गेल्यावर पावसाचा वाटा घटला आणि ड्रॉइंगचा वाढला. जे कागदावर नव्हतं ते मुकादमाकडून कळलं. “साहेब, होळीला गावी गेलेला माणूस आठवड्यात परत येतो असं धरू नका,” तो म्हणाला. हजेरीपट पाहिला, त्याचं बरोबर होतं.

मग दिवसांचा हिशेब. अमेरिकी नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी बसवलेली पर्ट पद्धत सिव्हिलवाल्यांनी कॉलेजात सोडवलेली असते. कमीत कमी, नेहमीचे आणि जास्तीत जास्त दिवस घ्यायचे, नेहमीच्यांना 4 ने गुणायचं, बेरजेला 6 ने भागायचं. आकडे मनाचे घातले तर उत्तरही मनाचंच येतं. आमच्या एका स्लॅबला तक्त्यातून 12, 15 आणि 30 निघाले, उत्तर 17. आजवर चार्टमध्ये 14 धरायची रीत होती. बारा मजल्यांना हा फरक 36 दिवसांवर जातो.

सरांनी विचारलं, टेकू लवकर काढून दिवस वाचतील का? तिथे मी ठाम नाही म्हटलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे असतात. वाचवण्यासारखे दिवस ड्रॉइंगमध्ये होते. तक्ता समोर ठेवल्यावर सरांनाही ते पटलं. प्रत्येक मजल्याच्या स्लीव्ह आणि कंड्युटच्या (विजेच्या तारांच्या नळ्यांच्या) ड्रॉइंगला आता चार्टमध्ये स्वतंत्र ओळ आहे, सेंट्रिंग सुरू होण्याआधीची तारीख घालून.

कारणाचा रकाना हल्ली त्याच संध्याकाळी भरतो, मुकादम आणि प्लंबर समोर असताना. ‘पाऊस’ लिहायचं असेल तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, तेही लिहावं लागतं.