आमची वाटचाल: सोसायटीच्या टाकीपासून बर्फाच्या टबापर्यंत

आमचा धंदा पाणी बाहेर काढण्याचा. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, 2004 साली पुण्यात धनकवडीतल्या एका गाळ्यातून सोसायट्यांच्या टाक्या धुण्याचं काम सुरू केलं. मडपंप, कुंचे, ब्लीचिंग पावडर आणि टाकीत उतरायला न बिचकणारी चार माणसं, एवढंच भांडवल. हिशेब आणि फोन माझ्याकडे आले ते लग्नानंतर. पुढे अण्णांचे गुडघे थकले आणि सगळंच माझ्याकडे आलं.

आइस बाथ, म्हणजे व्यायामानंतर टबातल्या बर्फाळ पाण्यात बसणं, हा शब्द आमच्या वहीत करोनानंतर शिरला. जिम बंद असताना लोकांनी घरी व्यायामाचं सामान घेतलं होतं, त्यामागून टब आले. पहिला फोन बाणेरहून. लांब पल्ल्याचे धावणारे गृहस्थ, सातारा हिल मॅरेथॉनची तयारी चाललेली. पाण्याला वास येतोय, टब बुळबुळीत झालाय, आणि विकणारा दुकानदार फोन उचलत नाही. मी अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन थंडी वाजवून घेतात?" मग चष्मा पुसत विचारलं, "पाणी किती लिटर? आणि जाणार कुठून?"

हा दुसरा प्रश्नच पुढे आमचा धंदा झाला.

टबात साधारण 350 लिटर पाणी मावतं. विकत घेताना माणूस तापमान बघतो, रंग बघतो. हे पाणी कधीतरी सोडावं लागणार हे त्याच्या डोक्यात नसतं. बाल्कनीतली नहाणी, म्हणजे पाणी जायचं जाळीचं भोक, पावसाचं आणि फरशी धुतलेलं पाणी वाहून नेण्यापुरती असते. टबाचा खालचा बूच एकदम उपसला की पाणी नहाणीत कमी आणि उंबऱ्यावरून दिवाणखान्यात जास्त जातं, उरलेलं खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. म्हणून आमची माणसं बूच काढत नाहीत. छोटा पंप टबात सोडून नळी थेट बाथरूमच्या नहाणीत नेतात, आणि जाळी आधी उचलून केस, कचरा काढतात. वेळ लागतो, पण भांडण होत नाही.

वजनाचंही तसंच. 350 लिटर म्हणजे 350 किलो, वर टब आणि आत बसलेला माणूस. घराची बाल्कनी साधारणपणे चौरस मीटरला 300 किलोंच्या हिशेबाने बांधतात आणि आडव्या टबाखालची जागा जेमतेम एक चौरस मीटर भरते. जुन्या इमारतीत, बाहेर झुकलेल्या बाल्कनीत टब दिसला की आम्ही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हणतो. काही जण रागावतात. रागावू देत.

सुरुवातीला बहुतेकांकडे चिलर, म्हणजे टबातलं पाणी थंड करणारं यंत्र, नव्हता, बर्फ टाकायचे. उन्हाळ्यातलं 28 अंशांचं टबभर पाणी 12 अंशांवर आणायचं तर 60 किलोंच्या आसपास बर्फ लागतो, तोही टब सावलीत असेल तर. एवढा बर्फ रोज कोण विकत घेणार? मग स्वस्तातली लादी शोधली जाते. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, ते सरबतवाल्याने चुकून वापरू नये म्हणून. आमच्या एका ग्राहकाला ते निळं पाणी फार आवडलं होतं, अगदी जाहिरातीसारखं. हा बर्फ कसल्या पाण्याचा असतो ते सांगितल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात चिलर घेतला.

चिलर आला की लोकांना वाटतं, थंड पाण्यात काही वाढत नाही. वाढतं, फक्त सावकाश. माणूस टबात उतरताना घाम, तेल, कातडीचा भुगा घेऊन उतरतो आणि जंतू मारायला पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी त्यातच खर्ची पडतो. उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करा, हे सांगणं आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. पळून आलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो.

खरी घाण दिसते तिथे नसतेच. टबाचे काठ पुसून लख्ख करता येतात. पाईपच्या आत आणि चिलरच्या पोटात जो चिकट थर बसतो त्याला क्लोरीन वरवर लागतो आणि आतले जंतू सुखरूप राहतात. म्हणून आम्ही जुनं पाणी लगेच काढत नाही. त्यातच क्लोरीनची मात्रा वाढवून पंप अर्धा-पाऊण तास फिरवतो, चिलर बंद करून प्लग काढतो, आणि मगच उपसा. नंतर फिल्टरचा कार्ट्रिज बदलतो, टब मऊ स्पंजने घासतो, ताजं पाणी एकदा फिरवून तेही काढतो. तारेचा काथ्या वापरायचा नाही, ओरखड्यात शेवाळ धरतं. आणि संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचच्या जवळपासही नको. दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. टाकीत उतरणाऱ्या माणसांना अण्णांनी हे पहिल्या दिवशीच शिकवलेलं, नवीन पोरांना मी शिकवते.

वाघोली, उंड्रीकडे पाणी टँकरचं किंवा बोअरचं. त्यातला क्षार चिलरच्या आत पांढरा बसतो, पाण्याचा वेग कमी होतो आणि यंत्र बंद पडून पडद्यावर एरर दाखवतं. खडकवासल्याचं पाणी मिळणाऱ्यांना हा त्रास फारसा नाही. दोघांना एकाच दराचा करार लावणं आम्ही त्यामुळे बंद केलं.

चिलरसोबत येणाऱ्या परदेशी पुस्तिकेत पान भरून लिहिलेलं असतं, हिवाळ्यात पाईपमधलं पाणी गोठू देऊ नका. पुण्यात काय गोठणार! आपल्याकडे भीती डासांची. दिवाळीला गावी जाताना चिलर बंद करतात, झाकण अर्धवट राहतं, आणि साठलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला नेमकं हवं असतं. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाणी ओतून दिलं तरी भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही काही महिने टिकतात, म्हणून काठ घासावेच लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं महापालिका सांगते, तेव्हा ते फक्त कुंड्यांसाठी नसतं. घर बंद राहणार असेल तर टब रिकामा, पुसलेला आणि उघडा ठेवायचा, हा आमच्या करारातला ठळक मुद्दा आहे.

उपसलेलं पाणी फेकायचं का, हा प्रश्न एप्रिलमध्ये हमखास येतो. फरशी पुसायला, फ्लशला, गाडी धुवायला चालतं. झाडांना लगेच घालू नका. बादल्यांत उन्हात एक-दोन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडून जातो. मीठ टाकलेलं असेल तर मात्र झाडांना अजिबात नको.

काही कामं आम्ही घेत नाही. जुन्या डीप फ्रीझरमध्ये पाणी भरून बसणारे आहेत. तिथे प्लग काढून पाणी उपसून देतो, पुन्हा भरून देत नाही. घराला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर चिलरला हात लावत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी यात उतरावं का, असंही विचारतात. ते डॉक्टरांना विचारा, आम्ही टाक्या धुणारी माणसं.

आणि टब विकत नाही. दोन विक्रेत्यांनी कमिशन देऊ केलं होतं. विकायला लागलो की बाल्कनी कमकुवत आहे हे सांगताना जीभ अडखळेल, असं माझं मत. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे. ही चर्चा जेवताना अजून चालते. टाक्यांचं काम आजही मोठं आहे, टब त्याच्या मागून येतात, जास्त करून डिसेंबर-जानेवारीत, मुंबई मॅरेथॉनच्या आगेमागे.

सध्या पावसाळ्याआधीच्या कामांची नोंदणी चालू आहे. फोन करताना मजला कितवा, बाथरूमची नहाणी टबापासून किती लांब, आणि पाणी महापालिकेचं की टँकरचं, एवढं सांगा. त्यावरून नळी किती लांबीची आणायची आणि दर कोणता लावायचा ते ठरतं. फोन बहुधा अण्णाच उचलतील.