पाऊस आमच्या रानात, नोंद चौदा किलोमीटरवर

आमचं रान तेरणेच्या काठाला आहे, जुन्या गावाशेजारी. १९९३ च्या भूकंपानंतर गाव वर माळावर नव्यानं बसवलं. रानं काही हलवता येत नाहीत, ती राहिली खालीच. औसा तालुक्यात अशी बरीच गावं आहेत. घर वर आणि पोट खाली.

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी माळावरून खाली बघितलं, तर रान दिसेचना. बांधावरच्या बाभळींचे शेंडे तेवढे वर होते. सोयाबीनच्या शेंगा भरून पिवळ्या पडायला लागल्या होत्या, आठ-दहा दिवसांत काढणी धरायची होती. आत्या (माझ्या सासूबाई) शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "२०१६ ला ह्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ध्यानात हाय का?"

हे लातूरला टेम्पो चालवतात, म्हणून कागदपत्रांचं सगळं माझ्याकडं असतं. पुढं जे लिहितेय ते ८० आर, म्हणजे दोन एकरांच्या नुकसानीची मदत मिळवताना काय काय झालं त्याबद्दल आहे. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

त्या वर्षी सगळंच उलटं चाललं होतं. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. २६ मेला मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी आली, एवढा लवकर तो कधी आला नव्हता म्हणे. बातमी ऐकून लोकांना आनंद झाला असेल, आमचं मात्र मोगडा मारायचं आणि वखरायचं, म्हणजे पेरणीआधीची मशागत, राहून गेलं. रान तापलंच नाही. तण आधी उगवलं आणि सोयाबीन मागून. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२३ ला, ऑगस्ट सगळा कोरडा गेला. १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट देशात झाला नव्हता. फुलं गळाली, शेंगा पोचट राहिल्या. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका साहेबांनी बैठकीत सांगितलं होतं की हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पावसाचे दिवस कमी होतात आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं, "मग आम्ही पेरायचं कधी?" त्याला साहेबांकडं नेमकं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते मान्यही केलं. मला ते बरं वाटलं.

तर नुकसानीचं. पहिला धक्का असा बसला की सुरुवातीच्या यादीत आमचं महसूल मंडळच (तालुक्यातल्या काही गावांचा गट) नव्हतं. मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, तरच ती अतिवृष्टी. आमच्या मंडळाचं यंत्र चौदा किलोमीटरवर, तिकडं त्या रात्री तेवढा झाला नाही. आमच्यावर तरी कुठं सगळा पडला होता? वरच्या अंगाला पडलेला पाऊस नदीनं आणून आमच्या रानात ओतला. पाणी गुडघ्याला लागतंय आणि कागदावर अतिवृष्टी नाही, हे आत्यांना समजावून सांगताना मलाच हसू आलं. पुढं सरसकट पंचनाम्याचे आदेश निघाले. २०२३ पासून सततच्या पावसालाही राज्यात आपत्ती धरतात. त्यामुळं आम्ही आत आलो.

पंचनाम्याला तिघं आले: तलाठी (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय), ग्रामसेवक आणि कृषी सहायक. रानात जायला वाट नव्हती. तिघं मारुतीच्या पारावर बसले आणि एकेकाला नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र विचारत गेले. मी मात्र चौथ्या दिवशी पाणी थोडं उतरल्यावर चिखलातून जाऊन फोटो काढून ठेवले होते, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. शेंगांमधून कोंब बाहेर आलेले, काही झाडं मुळासकट काळी पडलेली. त्या फोटोंनी पुढं मला वाचवलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

दुसरी वाचवणारी गोष्ट ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलच्या ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करणं. ऑगस्टमध्ये भर पावसात, डोक्यावर खताची रिकामी गोणी घेऊन मी गटात उभी राहून फोटो टाकला होता. ॲप दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा गेलं. तेव्हा वैताग आला होता. गावातल्या ज्यांनी ती केली नव्हती त्यांच्या सातबाऱ्यावर पीकच नव्हतं. पीकच नाही तर नुकसान कशाचं दाखवणार?

ग्रामपंचायतीत यादी लागली आणि त्यात आमचं क्षेत्र ४० आर. मी तीनदा वाचलं. झालं असं की आमचा गट सामाईक, १ हेक्टर ६० आर. सातबाऱ्यावर आत्यांचं आणि चुलत सासऱ्यांचं, म्हणजे तात्यांचं, अशी दोन नावं. निम्मं रान त्यांचं, ते बटईनं (वाट्यानं) दिलेलं, आणि त्या भागाची पीक पाहणी कुणी केलीच नव्हती. आम्ही नोंदवलेले ८० आर कुणी तरी दोन नावांत वाटून टाकले, चाळीस-चाळीस. आमचं निम्मं गेलं आणि तात्यांच्या नावावर न पेरलेलं चढलं.

दुरुस्तीसाठी अर्ज दिला. सोबत ई-पीक पाहणीची प्रिंट, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), ते फोटो. एवढ्यानं भागेना, तात्यांचं संमतीपत्र पाहिजे, आणि तेही मूळ. तात्या असतात भोसरीला. फोनवर म्हणाले, "दिवाळीला येतोच आहे." दिवाळीला अजून वेळ होता. शेवटी ते लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आले. काका-पुतण्यांचं बोलणं मामा (माझे सासरे) गेल्यापासून जरा कमीच झालेलं, म्हणजे तात्यांचं आणि ह्यांचं. मला धाकधूक होती. पण तात्यांनी चहा घ्यायच्या आधीच सही केली आणि विचारलं, "बैल गेले का हो ते, खिलारी?" बैल विकून चार वर्षं झाली होती.

तोवर सरकारचं पॅकेज जाहीर झालं होतं, ७ ऑक्टोबरला, ३१,६२८ कोटींचं. टीव्हीवर आकडा ऐकून गावातली पोरं भाग लावत बसली. आमच्या वाट्याला जिरायतीचे हेक्टरी ८,५०० प्रमाणे ६,८०० रुपये आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० प्रमाणे ८,०००. माझ्या वहीत त्या दोन एकरांचा खर्च बियाणं, डीएपी, पेरणी, तणनाशक, दोन फवारण्या धरून एकवीस हजारांच्या पुढं होता. घरचे हात त्यात धरलेले नाहीत, ते कुणीच धरत नाही.

मग ईकेवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. ज्यांचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) झाला होता त्यांना ती लागली नाही. आत्यांचा झाला नव्हता, कारण सातबाऱ्यावर नावापुढं 'बाई' आहे आणि आधारवर नाही. एका 'बाई'नं आम्हाला चार चकरा मारायला लावल्या. यादीत नावापुढं दिलेला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात गेलो तर आत्यांचा अंगठा उठेना. पन्नास वर्षं खुरपं धरलेला अंगठा, त्याच्यावर रेषा राहतील कशा? पोरानं काच पुसली, आत्यांचे हात पुसले, खोबरेल लावून बघितलं, दहाही बोटं करून झाली. आत्या चिडल्या. "मतदानाला उठतोय, कर्जाला उठतोय, पैसे द्यायच्या टायमालाच कसा झिजतोय रे?" सगळं केंद्र हसलं. दोन दिवसांनी दुसऱ्या केंद्रात डोळ्यांचं यंत्र होतं, तिथं एका मिनिटात झालं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस खातेदार असेल तर आधी हेच विचारून घ्या, डोळ्यांचं यंत्र आहे का.

नोव्हेंबर उजाडला. शेजाऱ्यांच्या फोनवर मेसेज यायला लागले, आमच्या येईना. बँकेत दोनदा पासबुक भरून आणलं, कोरडं. सेवा केंद्रातल्या पोरानं बघून सांगितलं की पैसे तर नऊ दिवसांपूर्वीच पडलेत. कुठं पडले? आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात. आणि ते निघालं पोस्टातलं, दोन वर्षांपूर्वी शाळेत शिबिर लागलं होतं तेव्हा काढलेलं. त्याचं पुस्तक आत्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कुंकवाच्या करंड्याखाली. ६,८००, पैसा न पैसा. बियाण्याचे ८,००० आणखी काही दिवसांनी आले, हरभरा पेरून झाल्यावर. वाफसाच (पेरणीजोगी ओल) उशिरा आला होता, पेरणी काही त्या पैशांची वाट बघत थांबणार नव्हती. बियाणं दुकानातून उधार आणलं होतं, ते फिटलं.

विम्याचं लिहायचं तर एवढंच: एक रुपयात विमा होता तेव्हा स्थानिक आपत्तीची तक्रार ७२ तासांत करायची सोय होती. २०२५ पासून हप्ताही वाढला आणि ते कलमही गेलं. आता मंडळातले पीक कापणी प्रयोग (काही निवडक रानांत पीक कापून काढलेलं उत्पन्न) काय सांगतील त्यावर सगळं. मंडळ म्हणजे पुन्हा ते चौदा किलोमीटरवरचं गाव आणि त्याची उंचावरची रानं. मला कुणावर राग काढायचा नाही. एकेका शेतात सरकार माप घेऊन येऊ शकत नाही हे कळतं. पण पाऊस आता शिवेला शिव लागून पडत नाही. या ओढ्याला पूर येतो आणि पलीकडच्या माळावर धूळ उडते. माप मात्र अजून जुन्या पावसाचं.

त्या चिखलातून कशीबशी निघालेली पाऊण गोणी सोयाबीन घरी आहे. बाजारात नेली तर ओलावा आणि डाग बघून भाव पाडतात, म्हणून बियाण्याला होतं का ते बघायचं ठरवलं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं. सत्तरच्या वर उगवले तर पेरायला चालतात. आठव्या दिवशी आत्यांनी गोणपाट उलगडलं आणि आम्ही दोघींनी मोजले. एकतीस. आत्या म्हणाल्या परत मोज. परत मोजले, एकतीसच.

पुढच्या पावसाळ्यासाठी मी सरळ उभ्या बाजूचा एक प्लास्टिकचा डबा आणलाय, त्याला आतून पट्टी चिकटवली आहे. रोज सकाळी आठला वाचायचा आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा. तलाठ्यांना सांगितलं तर म्हणाले, ताई, हे ग्राह्य नाही धरत. म्हटलं, माहीत आहे.