तुम्ही विचारलंत म्हणून: पित्त बायकांनाच जास्त का उठतं?

मी ॲलर्जीच्या टेस्ट करते. रोज कोणीतरी विचारतंच, ताई, अंगावर पित्त बायकांनाच जास्त का उठतं, की त्या बोलूनच जास्त दाखवतात? बहुतेक वेळा नवरा विचारतो आणि बायको बाजूला हात धरून गप्प बसलेली असते.

तर जास्त उठतं हे खरंय. सहा आठवड्यांच्या वर रेंगाळणारं पित्त बायकांमध्ये साधारण दुप्पट दिसतं.

टेस्टमध्ये मी हातावर हिस्टामिनचा, म्हणजे खाज आणि सूज आणणाऱ्या रसायनाचा, एक थेंब ठेवते, लॅन्सेटच्या बारीक टोकाने हलकंसं टोचते आणि पंधरा मिनिटं थांबायला सांगते, खाजवायचं नाही हं. मधे गांध उठते, भोवती लाली पसरते. गांध पट्टीवर मोजता येते पण खाज नाही ना येत, कारण गांध म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी आणि खाज हे नर्व्हचं काम. हिस्टामिन नर्व्हच्या टोकावरच्या एच-१ रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्यासाठीच्या कुलपावर, बसतं, त्याने जे दार उघडतं तेच मिरचीच्या तिखटानेही उघडतं, आणि मग निरोप सी-फायबर या नर्व्हच्या बारीक धाग्यांमधून सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर अशा वेगाने निघतो.

यात बाईपण कुठे येतं? एक तर हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट सेल्स नावाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर असतात. दुसरं म्हणजे नर्व्हची पेशीच वेगळी असू शकते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या संशोधकांनी उंदीर, माकड आणि माणूस तिघांच्या पेशी तपासल्या, तर प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनने फक्त माद्यांच्या पेशी चटकन पेटायला लागल्या आणि नरांच्या ऑरेक्सिन-बी या मेंदूतल्या रसायनाने. ते काम वेदनेच्या नर्व्हवरचं होतं, खाजेवरचं नाही, पण मला ते वाचून फार बरं वाटलं, कारण वेदनेवरच्या प्राण्यांच्या प्रयोगांची २००५ मध्ये मोजणी झाली तेव्हा मागच्या दहा वर्षांतल्या ७९ टक्के प्रयोगांत फक्त नरच वापरलेले निघाले होते. माद्यांना विचारलंच नव्हतं कोणी!

म्हणून कोणी "नाटक करते" म्हणालं की मला राग येतो. परवा एकीची गांध अगदी बेताची, चार मिलिमीटर, पण ती दुसऱ्या हाताची मूठ आवळून बसलेली, मी विचारलं दहापैकी किती खाजतंय तर म्हणाली नऊ. फॉर्मवर खाजेचा रकाना नाही, मी पेन्सिलने शेजारी ९ लिहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं.