एक प्रत घरी

मांडव्याच्या बोटीत शेजारच्या बाकावर कॉलेजातली पोरं होती. एकानं दुसऱ्याला "अलिबागसे आया क्या?" म्हणून चिडवलं आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण सगळेच अलिबागला चालले होते. या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर २०१९ साली थेट उच्च न्यायालयात गेले होते. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयानं याचिका फेटाळली. माझ्या मामीनं ते अजून मनावर घेतलेलं आहे.

आता गेटवेवरून तासाभरात मांडवा, आणि बोटीच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं जायचो. रेवस जवळ आलं की आई एकदम गप्प व्हायची आणि पाण्याकडे बघत म्हणायची, "इथंच कुठंतरी." १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. गटारीला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. रेवसपासून अलिबागपर्यंत एखादं जुनं घर उघडा, 'रामदास'ची काहीतरी आठवण निघतेच: कुणाचा काका गेला, कुणाची बोट अर्ध्या मिनिटानं चुकली. चुकलेल्यांची संख्या दर वर्षी वाढते असं मामा म्हणायचा.

यंदा फेब्रुवारीत मी गेले ती समुद्रासाठी नव्हे, ट्रंकांसाठी. मामा अलिबागेतल्या एका छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक उचलून, उलटे वाचत, स्टिकमध्ये ओळ जुळवायची, हा त्याचा चाळीसेक वर्षांचा धंदा. जे काम छापून व्हायचं त्यातली एक प्रत तो संध्याकाळी शर्टाच्या खिशात घालून घरी आणायचा. मालकाला माहीत होतं. "एक प्रत घरी," असं तो सांगूनच न्यायचा. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, पतपेढीचे अहवाल, बोटीची वेळापत्रकं, लिलावाच्या नोटिसा, दुकानांची बिलबुकं, तेराव्याची पत्रं. दोन पत्र्याच्या ट्रंका भरल्या. का ठेवतोस म्हणून विचारलं की म्हणायचा, "उद्या कुणी म्हणालं तुझी जुळणी चुकली, तर पुरावा नको?"

मामा चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्याही आधी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. घराची मागच्या पडवीची कौलं गेली आणि एक ट्रंक रात्रभर पावसात राहिली. मामानं कागद दोऱ्या बांधून वाळवले, चड्ड्या-टॉवेल वाळत घालतात तसे. वाळले ते चिकटून वाळले. त्या गठ्ठ्यांना पुढे कुणी हात लावला नव्हता.

पुण्याहून मामेभावाचा फोन आला, "ताई, फोनवर फोटो काढ आणि रद्दीत दे." शेजारच्या काकांनी दुसरा उपाय सुचवला, सगळं लॅमिनेट कर. मी येण्याआधी मुंबईत जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे अर्धा दिवस बसून आले होते, म्हणून दोघांनाही ठामपणे नाही म्हणू शकले. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लॅस्टिक कागदाला जे चिकटतं ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट, काही वर्षांत पिवळा पट्टा उरतो आणि अक्षर त्याच्याखाली मरतं. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पण ओढून नाही. फोटोच्या मागे लिहायचं ते पेन्सिलनं, हलक्या हातानं. डांबराच्या गोळ्या कपाटाला ठीक, कागदाशेजारी नकोत. चिकटलेल्या गठ्ठ्याची घाई करायची नाही. त्याला पुन्हा थोडी दमट हवा द्यायची आणि पातळ हाडाच्या पट्टीनं पान पानापासून सोडवायचं. पहिल्या दिवशी दुपारी अडीच तासांत माझी अकरा पानं सुटली. मामी म्हणाली, "तेवढ्यात मी दोनशे मोदक केले असते."

सुटलेल्या पानांत पहिल्यांदा हाताला लागली ती कोऱ्या लेटरहेडांची चळत. वर लिहिलेलं, 'जि. कुलाबा'. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला आणि अलिबागच्या झाडून सगळ्या कचेऱ्या, शाळा, पेढ्यांनी नवीन लेटरहेडं मागवली. मामी म्हणते, त्या वर्षी ह्यांचा 'य' कमी पडायचा. मला हे कुठल्या गॅझेटियरात मिळालं असतं?

खाली एक लग्नपत्रिका होती. वर हिब्रू अक्षरांचा ब्लॉक, खाली अस्सल मराठी मजकूर, 'आपले आगमनाभिलाषी' सकट. आडनाव अर्थातच गावावरून पडलेलं, 'कर' लागलेलं. ही बेने इस्रायल मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, इथली किती जुनी, याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि वाहून आलेल्यांना तिथेच पुरलं. त्या दफनभूमीवर आज स्मारक आहे. तेल गाळायचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. अलिबाग हे नावसुद्धा त्यांच्यातल्याच एका बागायतदार अलीच्या बागेवरून पडलं अशी सांगी आहे. इस्रायल देश १९४८ साली झाला आणि पुढच्या काही दशकांत घरंच्या घरं तिकडे गेली. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढलं. इकडे आळीचं नाव इस्रायल आळीच राहिलं.

संध्याकाळी त्या आळीत जाऊन आले. मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं. आवाराच्या बाहेरून एक रिक्षावाला पर्यटकांना सांगत होता, "ये ज्यू लोगों का चर्च है." मी मध्ये बोलले नाही. मामा बोलला असता. त्यानं शेजारच्या घरांची नावं घेतली असती: हे कुणाचं, ते कुणी विकलं, मलिद्याचं ताट कुणाकडून यायचं. ती नावं आता मामीकडे आहेत, आणि मामी एकोणऐंशीची आहे.

माझं भांडण इथे आहे. कुलाबा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्याला फलक आहे, तिकीट आहे. आळीला काय आहे? वादळात पोफळी मोडल्या. नवीन लावून उत्पन्न यायला पाच-सात वर्षं लागतात, तेवढं थांबणं ज्यांना परवडेना त्यांनी वाड्या विकल्या. प्रत्येक वाडीला नाव होतं, विहिरीला नाव होतं, दोन वाड्यांमधल्या पाणंदीला नाव होतं. आता तिथे फाटकांवर इंग्रजी नावं आहेत, सगळी समुद्र, वारा आणि सूर्यास्त यांच्यात फिरणारी. बंगल्यांना माझी हरकत नाही, लोकांनी कमवावं, अलिबागला शनिवार-रविवारची गर्दी हवीच आहे. पण खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना तरी जुनं नाव टाका, एवढं म्हणायचा अधिकार आजोळच्या माणसाला असावा.

मामीनं मागच्या वर्षी एका संस्थेत विचारून पाहिलं होतं, ट्रंका ठेवून घ्याल का म्हणून. "लग्नपत्रिका? त्यात कसला इतिहास?" असं उत्तर आलं. मामी हे सांगताना चहाची कपबशी जरा जोरात ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती म्हणून किल्ल्यात चालत गेले. घोटाभर पाणी, ओली वाळू, बाजूनं घोडागाड्या. १६८० साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात, आणि किल्ला खरा गाजवला आंग्र्यांनी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले तरी त्यांना तो घेता आला नाही. तटाचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट फटीतून शिरते आणि फटीतूनच परत जाते. आतला सिद्धिविनायक राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेला. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल. म्हणजे आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केल्यानंतरच्या. त्यांच्यावर बसून 'आंग्र्यांच्या तोफा' म्हणून फोटो काढणं मात्र जोरात चालू होतं. कॅमेऱ्यासमोर एका मुलानं आरमाराचं आवेशपूर्ण भाषण केलं. साल तोफेवरच कोरलंय, त्यानं एकदा खाली वाकून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पाणी चढायच्या आत परतले. वाटेत चुंबकीय वेधशाळा लागते. पर्यटक तिच्यासमोरून किनाऱ्याकडे जातात आणि आत काय आहे हे सहसा कुणाला माहीत नसतं. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा त्या विजेनं उपकरणं बिघडणार हे उघड झालं, म्हणून नानाभॉय मूस यांनी ही जागा निवडली आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. जुन्या आणि नव्या जागेच्या नोंदी जुळाव्यात म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजमाप चाललं, मग विजेची ट्राम आली. इमारत पोरबंदरी दगडाची, कारण त्यात चुंबकत्व नाही. लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही असं आम्हाला लहानपणी सांगायचे. त्यावर मामाचा ठरलेला विनोद होता, "माझे चालतील, माझे शिशाचे आहेत."

दुपारी आक्षी. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक इथे, समुद्राला लागून असलेल्या या गावात, कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उभा होता. शाळेत आम्हाला श्रवणबेळगोळचं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हेच पहिलं मराठी वाक्य म्हणून पाठ करायला लावलं. पुढे त्याचा काळ अभ्यासकांनी बाराव्या शतकात आणला आणि आक्षीचा दगड पुढे आला. त्यावरचं शक ९३४ असं वाचलं तर इसवी सन १०१२ होतं, पण त्या आकड्याच्या वाचनावर वाद आहेत. वर चंद्र-सूर्य. शिलाहार राजा केसीदेवरायाला 'पसीमसमुद्राधीपती' म्हटलंय. पश्चिम समुद्राचा अधिपती! शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला तर हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं बोलणं कानावर आल्यासारखं वाटतं, शुद्धलेखनाचा धाक नसलेलं. कोरणाराला 'पश्चिम' असं ऐकू येत नव्हतं, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. मामानं त्याचंही प्रूफ तपासलं असतं. अलीकडे दगडाची थोडी निगा घेतली जातेय, हे चांगलं झालं. मी होते त्या अर्ध्या तासात तीन गाड्या थांबल्या. तिन्ही गाड्यांना किनारा कुठे आहे एवढंच हवं होतं. हात करून दाखवला.

परत येताना पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विकणाऱ्या बाईच्या आवाजातही फरक पडलाय. घासाघीस केली तर मानांकनाचं नाव काढते.

रात्री मामी आणि मी पाटावर कागद पसरून बसलो. मी एकेक उचलायचे, आकडा घालायचे, मामी बोलायची आणि ते फोनवर रेकॉर्ड व्हायचं. कागदापेक्षा तिचं बोलणंच जास्त लांब. एका बिलबुकावरून ती दुकानदाराच्या तीन पिढ्यांत शिरली, तिथून त्याच्या सुनेच्या माहेरी चरीला, तिथून थेट संपात. जमीनदाराला पिकातला वाटा द्यायचा नाही म्हणून चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक टाकली होती, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली. तिच्या सासूला तेव्हाच्या उपासमारीच्या गोष्टी माहीत होत्या: करवंदं, लाकूडफाटा, शेजारच्या गावातली मजुरी. 'कृषीवल' वर्तमानपत्र त्याच चळवळीतून १९३७ ला निघालं. मी तिला थांबवलं नाही. फोनची बॅटरी संपली तेव्हा चार्जर लावून पुन्हा सुरू केलं.

शेवटचा कागद एका हौशी नाटकाची गुलाबी जाहिरात होता. कडा कुरतडलेल्या, पण मजकूर शाबूत: प्रयोगाची वेळ, तिकिटाचे दर, तारीख, वार. मी वहीत उतरवून घेत होते.

"ती तारीख नको लिहू," मामी म्हणाली.

"का?"

"चूक आहे. प्रयोग शनिवारी होता, ह्यांनी रविवार जुळवला. प्रूफात कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी पाच माणसं नाटकाला, आणि रविवारी बंद दारापुढे सगळं गाव उभं. त्या मंडळींनी वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायलं नाही."

मी पेन्सिल घेतली, कागद उलटा केला आणि तिनं सांगितलेलं मागे लिहिलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "पाच नव्हे, सहा. मी धरून."