पाळणा तिकडचा, दोरी इकडची

वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेणारे शिक्षक आणि पालक मला दरवर्षी एक प्रश्न हटकून विचारतात: ‘जिच्या हाती पाळण्याची दोरी, ती जगाते उद्धारी’ ही ओळ मूळची आपली, की इंग्रजीतून आलेली? या वर्षी तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचे लिहूनच टाकते.

इंग्रजीतील अशी ओळ विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकन कवीची आहे. १८१९ साली केंटकीत जन्मलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये वकिली करता करता कविता लिहीत असे. एडगर अ‍ॅलन पो त्याचा स्नेही होता आणि यादवी युद्धाच्या काळात त्याने देशभक्तीपर गीतेही रचली. युद्ध संपले त्याच वर्षी, म्हणजे १८६५ मध्ये, मातृत्वाची थोरवी गाणारी त्याची चार कडव्यांची कविता प्रसिद्ध झाली. १८८१ मध्ये तो वारला. त्याचे नाव मागे पडले आणि पालुपद तेवढे उरले: पाळणा हलवणारा हात तोच जगावर राज्य करणारा हात.

आपली ओळ तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत, महिलोन्नतीच्या अध्यायात येते आणि ‘ऐसी वर्णिली मातेची थोरी, शेकडो गुरूहूनिही’ अशी ती ओवी पूर्ण होते. ‘वर्णिली’ या शब्दातून ही थोरवी आधी कुणीतरी गायिली असल्याची कबुली महाराजच देतात. त्यामुळे कल्पना बाहेरून आली असावी असे मलाही वाटते. मात्र तिला नुसते भाषांतर म्हणायला मी तयार नाही.

कारण वॉलेसच्या कवितेत दोरी नाहीच. तिकडचा पाळणा लाकडी, तळाला वाकवलेल्या पट्ट्या बसवलेला, जमिनीवरच डुलणारा. आपला आढ्याला टांगलेला. माझी आजी माजघरात सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत बसे, तेव्हा दोरीचे टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेले असे, आणि झोका मंदावला की सुपावरची नजर न हलवता ती अंगठा ओढे. (दोरी हाती धरण्याइतकी सवड तिला क्वचितच मिळाली.)

त्याहून मोठा फरक क्रियापदात आहे. वॉलेसची आई राज्य करते, आपली उद्धार करते. त्याच्या दुसऱ्या कडव्यात बालपण हा कोवळा झरा आहे. त्याच्या ओहळांना पहिले वळण आई लावते आणि तिथून वाढणारे जीव बऱ्याकडेही जाऊ शकतात, वाईटाकडेही. हा धोका ‘उद्धारी’ या शब्दाने पुसून टाकला आणि ओवी निव्वळ स्तुतीची झाली. अर्थात ते ‘राज्य’ही कवितेपुरतेच होते. तिथल्या स्त्रियांना देशभर मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० साली झाली, आणि तोपर्यंतच्या वादात हे पालुपद दोन्ही बाजूंनी वापरले: विरोधक म्हणत, ती घरातून जग चालवतेच, मग मत कशाला, समर्थक म्हणत, जग चालवणाऱ्या हाताला मतपत्रिका का जड व्हावी?

तेव्हा मुलांना एवढेच सांगा: वॉलेसचे नाव घेणार असाल तर ‘राज्य’ म्हणा, आणि ‘उद्धारी’ म्हणणार असाल तर ग्रामगीतेचे नाव घ्या.