माशाच्या तेलाची कॅप्सूल, सोयाबीनचे तेल आणि जवसाची चटणी

‘ओमेगा-थ्री’च्या कॅप्सूल मागायला औषधाच्या दुकानात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नेमक्या कशासाठी हव्या आहेत हे सांगता येते. कोणाला हृदयासाठी हव्या असतात, कोणाला केस गळतात म्हणून, तर कोणाच्या पुण्याच्या बहिणीने फोनवर सुचवलेल्या असतात. इंदूरमध्ये रामबागेच्या आसपास माझी अनेक वर्षे औषधविक्रीत गेली. त्या अनुभवावरून या कॅप्सूलबद्दल लिहावेसे वाटते, कारण त्यांचे फायदे खरे असले तरी ते सरसकट सर्वांसाठी नाहीत.

१९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली आणि त्यांच्या कातडीला व शेपटीला खवले धरू लागले, तेव्हा काही मेदाम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे घटक, शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे उघड झाले. माणसाच्या बाबतीत अशी मेदाम्ले दोन आहेत : ओमेगा-सिक्स गटातील लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-थ्री गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पहिल्याची टंचाई आपल्याकडच्या तेलकट स्वयंपाकात सहसा पडत नाही. प्रश्न असतो तो दुसऱ्याचा.

इथे इंदूरकरांची बाजू सामान्य समजुतीपेक्षा बरी आहे. आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, सोयाबीनवरील राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे आणि बहुतेक घरांत वर्षानुवर्षे सोयाबीनचेच रिफाइंड तेल येते. या तेलात सुमारे सात टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, म्हणजे दिवसाला माणशी वीस ग्रॅम तेल पोटात गेले तर त्यातून साधारण १.४ ग्रॅम मिळते. अमेरिकी मानकानुसार प्रौढ स्त्रीला रोज १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम पुरेसे मानले जाते. याउलट शेंगदाणा, सूर्यफूल आणि करडई यांच्या तेलांत हे आम्ल जवळजवळ नसतेच. त्यामुळे ‘हेल्दी’ म्हणून सोयाबीन सोडून सूर्यफुलाकडे वळलेल्या घराने दुसरीकडून ओमेगा-थ्रीची कॅप्सूल विकत घ्यावी, हा व्यवहार मला तरी उफराटा वाटतो. (कचोरीच्या कढईत दिवसभर तापणारे तेल अर्थातच या हिशेबात धरू नये.)

तरीही कॅप्सूलच्या बाजूने एक मुद्दा उरतोच. मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात जे डीएचए असते, आणि दाहावर काम करणारे जे ईपीए असते, ती दोन्हीही ओमेगा-थ्री गटातलीच मेदाम्ले; ती शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून बनवू शकते खरे, पण अगदी थोडे. ईपीए फार तर काही टक्के बनते आणि डीएचए त्याहूनही कमी. ही दोन्ही तयार स्वरूपात मिळतात ती मासळीतून, आणि आमच्या शाकाहारी मराठी घरांत मासळीचा प्रश्नच येत नाही.

आता बाटली हातात घेऊन पाहा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत १००० मि.ग्रॅ. असे छापलेले असते, पण तो आकडा माशाच्या तेलाचा असतो. बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला, तर साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मि.ग्रॅ. ईपीए आणि १२० मि.ग्रॅ. डीएचए, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मि.ग्रॅ. भरते. एखाद्या आजारासाठी तीन ग्रॅमची मात्रा ठरली, तर अशा दहा कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. शिवाय कॉडच्या यकृताचे तेल ही वेगळी वस्तू आहे : त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असते, आणि जादा अ जीवनसत्त्व गर्भाला घातक ठरू शकत असल्यामुळे गरोदर स्त्रीने ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

हृदयाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरेच पाणी वाहून गेले आहे. १९९९ साली इटलीतील एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना ओमेगा-थ्री रोज एक ग्रॅम दिल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले आणि त्यावरच या बाजाराची मोठी इमारत उभी राहिली. पुढे २०१८ मध्ये व्हायटल या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांना, आणि अॅसेंड या चाचणीत पंधरा हजारांहून अधिक मधुमेहींना तेवढीच मात्रा देऊन पाहिली, तेव्हा मुख्य निकषांवर ठोस फायदा निघाला नाही. व्हायटलमध्ये मासे कमी खाणाऱ्यांना थोडा लाभ झाल्याचे दिसले, ही गोष्ट शाकाहाऱ्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे, पण एका उपगटाच्या निष्कर्षावर आयुष्यभराचा खर्च बांधून घेणे मला पटत नाही.

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, मात्र खरोखर उतरतात. दोन ते चार ग्रॅम ईपीए आणि डीएचए रोज घेतल्यास ते साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होतात, आणि हा परिणाम वारंवार सिद्ध झालेला आहे. त्यामुळे झटके टळतात का, यावर मात्र एकमत नाही. रिड्यूस-इट चाचणीत चार ग्रॅम शुद्ध ईपीएने झटक्यांसारख्या हृदयाच्या घटनांत मिळून २५ टक्के घट दाखवली, तर २०२० च्या स्ट्रेंग्थ चाचणीत ईपीए-डीएचएच्या मिश्रणाने काहीच साधले नाही. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून अशी मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावी, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते त्यांना आधी सांगावे.

दुसरी भक्कम बाजू गरोदरपणाची. ओमेगा-थ्री घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळली, असा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. माशाचे तेल नको असणाऱ्या सुनांसाठी सूक्ष्म शैवालापासून काढलेले डीएचए मिळते. माशांच्या शरीरातले डीएचएदेखील मुळात शैवालातूनच आलेले असते, त्यामुळे हा पर्याय कमअस्सल नाही. फक्त बाहेरचे कवच प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनचे नाही ना, हे हिरव्या खुणेवरून तपासून घ्यावे.

गुडघ्यांसाठी विचारणाऱ्या काकूंना मी एवढेच सांगतो की आमवातात मोठ्या मात्रेने वेदना काहीशा कमी होतात, पण वयोमानाने झिजलेल्या सांध्यांसाठी पुरावा दुबळा आहे. कोरड्या डोळ्यांच्या २०१८ मधील चाचणीत हे तेल ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरले नाही. केस आणि स्मरणशक्ती यांच्याबद्दलच्या जाहिराती सोडून द्याव्यात.

घरचा उपाय म्हणायचा तर जवस. सियागंजात किराणा दुकानांतून ‘अलसी’ म्हणून मिळते ती हीच. चमचाभर, म्हणजे सात ग्रॅम कुटलेल्या जवसात सुमारे दीड ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. अख्खे दाणे बहुतांशी तसेच बाहेर पडतात, म्हणून जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, निवल्यावर लसूण, तिखट, जिरे आणि मीठ घालून भरडावा, आणि चटणी आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढीच करावी. रेणूतील ज्या दुहेरी बंधांमुळे हे तेल गुणकारी ठरते त्याच बंधांवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि ते खवट होते. जवसाचे तेल लाकडावर आणि क्रिकेटच्या बॅटवर चोळतात तेही हवेने ते असे सुकून थर धरते म्हणूनच, आणि होळकर संघाच्या या गावात ते कोणाला वेगळे सांगायला नको. मात्र हार्डवेअरच्या दुकानातला तो डबा खाण्यासाठी नसतो, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात. खाण्याचे जवस तेल गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवावे आणि फोडणीला न वापरता वरून घ्यावे.