‘सांडविच’ची पाटी : आमची वाटचाल

आमच्या गाडीची पहिली पाटी रंगवून आली तेव्हा तिच्यावर पेंटरने ‘सांडविच’ लिहिलं होतं. ‘सँ’वरचा चंद्र त्याला जमला नाही की त्याच्या डोक्यातच सांड शिरला होता, देव जाणे. पैसे देऊन झाले होते, पुन्हा रंगवायला हातात काही उरलं नव्हतं. तीच पाटी लावली. आठ दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बसस्टँडवर माझं बारसं होऊन गेलं : सांडवाला. पाटी पुढे बदलली. नाव तेच राहिलं, आता कोणी माझ्या खऱ्या नावाने हाक मारली तर मीच वळून पाहत नाही.

मी मुंबईहून परत आलो 2015 च्या पावसाळ्यात. बाबांना लकवा मारला होता, घरी कोणीतरी पाहिजे होतं. त्याआधी तीन वर्षं फोर्टमध्ये एका सँडविचच्या गाडीवर होतो. पहिलं वर्ष नुसतं काकड्या सोलण्यात आणि बटाटे उकडण्यात गेलं. शेठचं म्हणणं, काकडीचा काप बोटावर ठेवला तर खालची रेघ दिसली पाहिजे. एकदा गर्दीच्या वेळी मी ओरडलो, “शेठ, सांबार संपला!” तो म्हणे, “अरे, आपण इडली कधीपासून विकायला लागलो?” आपल्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला पटायला बरेच दिवस लागले. त्यानंतर तोच मला ‘सांबार’ म्हणू लागला. म्हणजे नावं ठेवून घेण्याचा माझा इतिहास जुना आहे.

मुद्रा योजना त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज, तारण लागत नाही, असं ऐकून एका बँकेत चार चकरा मारल्या. शेवटच्या चकरेत साहेबांनी चष्मा काढून विचारलं, “इथे सँडविच कोण खाणार?” दुसऱ्या बँकेने 40 हजार दिले. हातगाडी, शेगडी, लांब दांड्याचे दोन टोस्टर, फळी, सुरी, स्टीलचे डबे. झालं दुकान.

पण प्रश्न पहिल्या साहेबांचाच बरोबर निघाला. आमच्याकडे ब्रेड ही दवाखान्यात न्यायची वस्तू आहे. कोणी भरती झालं की भेटायला जाताना ब्रेडचा पुडा, बिस्किटं आणि मोसंबी न्यायची. पहिल्याच दिवशी एक काकाजी गाडीपुढे थांबले, रचलेला ब्रेड पाहिला आणि काळजीने विचारलं, “कोन बिमार हाय, बाबू?” मी समजावून सांगितलं. एक अर्धा खाऊ घातला. त्यांनी नीट चावून खाल्ला आणि म्हणाले, “चांगलं हाय. पन हे तं बिमाराचं खानं होय. याच्यानं पोट भरन का?”

शेजारी आलुबोंडा मिळायचा, वर लालभडक तर्री, घाम फुटेपर्यंत. त्याच्यापुढे माझं पांढरं त्रिकोणी काम म्हणजे पथ्यच. दिवसाला आठ-दहा नग जायचे, तेही कॉलेजची पोरं आणि बदलून आलेले सरकारी कर्मचारी घेत. उरलेला ब्रेड घरी. माय तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, “आता मलेच भरती कर एकदाची.”

त्यात 2016 च्या मे महिन्यात ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट सापडल्याच्या बातम्या आल्या. पीठ फुगावं, ब्रेड मऊ व्हावा म्हणून ते घालत. पुढच्याच महिन्यात त्यावर बंदी आली, पण बंदीची बातमी वाचतो कोण? आतापर्यंत ‘बिमाराचं खाणं’ होतं, ते ‘बिमार पाडणारं’ झालं. 2017 ला गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की तालुक्याच्या गावात सगळ्यांचेच गल्ले रिकामे, माझा एकट्याचा नाही. लॉकडाऊनबद्दल काय सांगू, गाडी अंगणात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या.

तरी सोडलं नाही, कारण मला स्वतःला सँडविच आवडतं. हे कारण धंद्याच्या हिशेबात बसत नाही असं बायको म्हणते. हिशेब तीच लिहिते, तेव्हा तिचं खरं असणार.

चांगल्या सँडविचचा वैरी एकच, पाणी. काकडीचं, टमाट्याचं, चटणीचं. ते ब्रेडपर्यंत पोचलं की खेळ खलास. म्हणून लोणी आधी, आणि दोन्ही कापांना अगदी कडेपर्यंत. लोकांना वाटतं ते चवीसाठी आहे. चवीसाठी आहेच, पण खरं काम ब्रेड आणि ओलावा यांच्यामध्ये भिंत घालायचं. त्यावर चटणी. चटणीत सांबार, पुदिना, हिरवी मिरची, लिंबू आणि मूठभर फुटाण्याची डाळ, म्हणजे चटणी पाणी सोडत नाही. मग उकडलेल्या बटाट्याचे काप, कारण बटाटा कोरडा आणि ब्रेडला धरून बसतो. टमाटे मधोमध, दोन्हीकडून लांब. त्यांच्या खाली-वर बीट, काकडी, कांदा. मीठ-मसाला अगदी शेवटी, झाकण ठेवायच्या आधी, कारण मीठ पडल्याबरोबर काकडीला पाझर फुटतो. मग टोस्टरमध्ये दाबून मंद आचेवर, बाजू पालटत. सुरी फिरवली की कुर्र्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर तो नग मी गिऱ्हाइकाला देत नाही, स्वतः खातो. माझं पोट त्यानेच सुटलं आहे.

मे महिन्यात पारा 44-45 ला असताना यातलं निम्मं शास्त्र कोलमडतं. लोण्याचं तेल होतं, चटणी दोन तासांत आंबते, काकडी कडू निघते. तेव्हा बारा ते पाच गाडी बंदच ठेवतो.

आमचा ब्रेड यायचा यवतमाळहून, चाळीसेक किलोमीटर, सकाळच्या एसटीने. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पार एप्रिलपर्यंत चालला. ब्रेडही बंद, स्टँडवरचं गिऱ्हाईकही बंद. मी गाडी ढकलत जिनिंगच्या रस्त्याला नेली. त्या हंगामात कापसाचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजारात क्विंटलला 10 हजारांच्या वर मिळत होते. कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. माणूस गाडी सोडून हलू शकत नाही, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने काय खाईल? तर्री तर नाहीच. म्हणजे गिऱ्हाईक तयार होतं आणि माझ्याकडे ब्रेड नव्हता.

गावात एक जुनी बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. चाचांना म्हटलं, ब्रेड करून द्या. त्यांनी पत्र्याचे साचे करून घेतले आणि दोन दिवसांनी लोफ काढला. वास असा की मी तिथेच कापायला घेतला. सुरीला चिकट पीठ लागलं आणि काप भुगा होऊन खाली पडले. मला वाटलं बिघडला. चाचा शांतपणे म्हणाले, “भाई, इसको रात गुजारने दो.” भट्टीतून काढलेल्या ब्रेडच्या पोटात वाफ असते. तो पूर्ण थंड होऊन एक रात्र पडला की घट्ट होतो, मग सुरी सरळ जाते आणि टोस्टही खरपूस होतो. तीन वर्षं मुंबईत काढून मला हे ठाऊक नव्हतं, कारण तिथे ब्रेड कापलेलाच यायचा.

मशीन नव्हती. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि हाताने कापू लागलो. काप पातळ केले की तुटायचे, म्हणून जाड ठेवले, कंपनीच्या ब्रेडच्या जवळपास दीडपट. मला लाज वाटत होती, शेठने पाहिलं असतं तर सुरी काढून घेतली असती. पण जाड काप दाबला की बाहेरून कडक, आतून मऊ राहिला, आणि त्यात बटाटा दुप्पट मावला. पहिल्याच दिवशी रांगेतला एकजण खाऊन हात पुसत म्हणाला, “अजून एक दे, पन अर्धाच. पोट भरलं.” ते ‘पोट भरलं’ ऐकायला मला सहा वर्षं लागली होती.

भरीत टोस्ट बायकोचा. तिने एका डिसेंबरच्या सकाळी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं, कांद्याची पात आणि सांबार घालून, भाजलेल्या मिरच्या ठेचून. डब्यात भाकरी द्यायची विसरली. मी गाडीवर तेच ब्रेडमध्ये भरून दाबलं. भरिताला तेल सुटतं, पाणी नाही, त्यामुळे ब्रेड ओला होत नाही. त्या दिवशी मी खात असताना दोघांनी मागून घेतला. आता वांगी चांगली मिळतात तोवर, साधारण दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत, इतर कशापेक्षा तोच जास्त जातो. उन्हाळ्यातही मागतात. देत नाही. उन्हाळ्याच्या बियाळ वांग्याचं भरीत करून नाव कोण घालवणार?

संप मिटला, गाडी स्टँडवर परत आली, यवतमाळचा ब्रेड परत सुरू करा असं दोघा-तिघांनी सुचवलं. नाही केला. चाचांचे साचे आता सहाचे वीस झाले आहेत. हंगामात दिवसाला दीडशेच्या आसपास नग जातात, एक पोरगा हाताखाली आहे आणि तो सध्या काकड्या सोलतो.

शनिवारी आम्ही बंद असतो. लोकांना वाटतं माझा मारुतीचा उपास आहे, आणि मीही फार खुलासा करत बसत नाही. शुक्रवारी चाचांची भट्टी थंड असते, आणि शुक्रवारी ब्रेड भाजला नाही तर शनिवारी कापायला काही नसतं.